गोऱ्ह्याला सांगितलेलं

आबा,

म्हसावदहून भावाने सकाळच्या एस.टी.तून पिशवी पाठवली, ती मिळाली. तिच्यात मोरचूद पाव किलो, एकशे वीस रुपये. कळीचा चुना एक किलो, तीस रुपये. यांच्या महिनाभराच्या गोळ्या, सहाशे चाळीस. आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारासाठी पाच फळं, नव्वद रुपये, त्यातला एक चिकू दबलेला निघाला. सुतळी मागवली नव्हती, बांधायला केळीचं सोपट घरात आहे. पिशवी परत करायची आहे म्हणून धुऊन दोरीवर टाकली. हे सगळं हिशेबात लिहून झालं, वहीची मागची पानं कोरी दिसली आणि तुम्हाला लिहायला बसले. हे दुपारचे झोपलेत. शाळेत शिकवलेले मायने मला अजून पाठ आहेत, पण तुम्ही असताना मी तुम्हाला एकदाही हाक मारली नाही, त्यामुळे वरचा 'आबा' हा एक शब्द लिहायलाच चहा गार होईपर्यंत वेळ लागला. हे तुम्हाला आबा म्हणायचे, म्हणून मीही मनात आबाच म्हणत आले. मनातल्या मनात म्हटलेलं तुम्हाला कधी पोचलं का, ते माहीत नाही.

मागच्या वाफ्यावर टमाट्यांना करपा आला आहे. आधी खालच्या पानांवर काळपट ठिपके, मग ओलसर डाग, मग खोडच काळं. आभाळ भरलेलं, सकाळी तापीवरून धुकं येतं ते नऊ वाजेपर्यंत हटत नाही, आणि मध्येच एक-दोनदा नको तेव्हा पाऊसही भुरभुरला. एकेक करत झाडं गेली. आता भिंतीकडचं एकच उभं आहे, त्याच्यावर थोडी फळं आहेत, आणि ती पिकलेली नाहीत. डबीत बी उरलेलं नाही, कारण गेल्या साली झाडं कमी लागली म्हणून यंदा मी सगळंच्या सगळं पेरून टाकलं. म्हणजे तुमचं तोरणमाळचं बी आता त्या एका झाडावर आहे. आणि रविवारी तुमचा नातू सुरतेहून गाडी घेऊन येतोय. यांचा लकव्याने गेलेला उजवा हात अजून सुधारेल, तिकडे व्यायाम करून घेणारा चांगला डॉक्टर आहे म्हणतो. घर बंद करून आम्ही दोघांनी जायचं, होळीपर्यंत तरी. परवा पहाटे यांना उठवून, तोंड धुववून, देवपूजा उरकून वाफ्याकडे गेले तेव्हा मनात आलं, जाऊ दे. गेलं बी तर गेलं. आता माझ्याच्याने होत नाही. आबा, असं मनात आलं खरं, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ते पुढे जाईना.

मी या घरात आले तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बाईमाणूस नाही, तुम्ही दोघे बापलेक, गोठ्यात एक गाय आणि तिचा गोऱ्हा. पहिल्या दिवशी शेजारच्या काकींनी मला चुलीजवळ बसवून सांगितलं होतं, "पोरी, सासरासमोर डोकावरना पदर पडाले नको, नि तोंडमातून सबद निघाले नको." तशीच रीत होती, आमच्या माहेरीही तीच होती, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पण माहेरी आजोबा आणि आई यांच्यामध्ये आजी असायची. आजोबा आजीला सांगायचे, आजी आईला सांगायची. इथे मध्ये कोण? हे सकाळी भाकरी बांधून केळीच्या मळ्यात जायचे ते दिवस मावळता यायचे. दिवसभर घरात तुम्ही आणि मी. तुम्ही ओट्यावर, मी दाराआड. पीठ संपलं तर ते तुम्हाला कसं कळवायचं, हे मला मॅट्रिकला कोणी शिकवलं नव्हतं. पहिले काही दिवस मी रिकामा डबा दारात ठेवून द्यायचे.

मग तुम्ही गोऱ्ह्याशी बोलायला लागलात. गोठा स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच होता, तिथे येऊन तुम्ही आधी जिभेने च्च् च्च् करायचे, जनावराला बोलावतात तसं, म्हणजे मला कळावं की बोलणं सुरू होतंय. त्यानंतर जे काही सांगायचं ते गोऱ्ह्याच्या पाठीवर हात फिरवत सांगायचे. मला ते कळलं हे सांगायला मी दाराची कडी वाजवायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा डाळीत मीठ टाकायला विसरले होते. तुम्ही जेवून उठलात, चूळ भरलीत, गोठ्यात गेलात, च्च् च्च् केलं आणि म्हणालात, "काय रे गोऱ्हा, आज मीठ माहेर गयं का?" मला दाराआड तोंडाला पदर लावून हसू दाबावं लागलं. कडी वाजवायचं त्या दिवशी सुचलं नाही, पण रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा चाखून पाहिलं. काकी मात्र गल्लीभर सांगत फिरायच्या. मला म्हणाल्या, "तुन्हा सासरा दिनभर गोऱ्हासंगे बोलस. त्या गोऱ्हाले आते मॅट्रिकले बसाडी दे." पण खरं सांगायचं तर या घरातलं जे काही मला येतं, ते सगळं त्या गोऱ्ह्याच्या बरोबरीने शिकले आहे. गव्हात कडुनिंबाचा पाला कधी घालायचा, लोणच्याच्या बरणीचं तोंड कसं बांधायचं, दुकानदाराने मापात हात मारला हे कसं ओळखायचं. गोऱ्हा मोठा झाला, औताला गेला, पुढे दुसरा आला, त्यालाही तुम्ही गोऱ्हाच म्हणालात. नावं बदलली असती तर मला वाटलं असतं की आता माझ्याशी बोलत नाहीत.

टमाट्याचं बी तुम्ही तोरणमाळच्या यात्रेहून आणलं होतं. महाशिवरात्रीला घाट चढून गेलात, देवाला नारळ फोडला, आणि परतताना वरच्या पाड्यावर एका घरी पाणी प्यायला थांबलात, तिथे भाकरीबरोबर टमाट्याची चटणी मिळाली. आंबट, चपटी, कडेने चुण्या पडलेली बारकी फळं. त्यातली दोन धोतराच्या सोग्यात बांधून आणली. हे सगळं मी ऐकलं तेही गोऱ्ह्याकडूनच. दसऱ्यानंतर तुम्ही परसात वाफा केला, रोपं लावली, आणि पाण्याचं काम न सांगता माझ्याकडे आलं. मला तेव्हा कोण आनंद झाला होता. कारण आमच्या माहेरी देवाच्या आंघोळीचं पाणी कधी मोरीत टाकत नसत. ते पायदळी येऊ नये म्हणून झाडाला घालायचे. इथे तुळस एकच, आणि देव पुष्कळ, त्यात कार्तिकात मी पहाटे उठून जास्तच पाणी घालायचे देवांना. एवढं तीर्थ एकट्या तुळशीला कसं घालणार? म्हणून मी तांब्या भरून रोज पहाटे टमाट्याच्या झाडांना घालायचे. सूर्याला अर्घ्य देतात तसं, वरून, हात उंच धरून, पानापानावर पडेल असं. फुलं, बेलपत्र सगळं निर्माल्य त्यांच्या बुडाशी. मला वाटायचं, अशी झाडं गावात कोणाची नसतील.

आणि महिन्याभरात खालची पानं काळी पडायला लागली. मला काही कळेना. मी आणखी तीर्थ घातलं. एक दिवस पहाटे तुम्ही ओट्यावर उभे होतात आणि मी तांब्या उंच धरून उभी होते, ते तुम्ही पाहिलं. मी पाठमोरी झाले. त्या दिवशी तुम्ही ऊन वर आल्यावर, दव सुकल्यावर, वाफ्यात उतरून काळी पानं एकेक करून काढलीत, निर्माल्य उचललंत, पानं उकिरड्यावर न टाकता लांब नेऊन जाळलीत. निर्माल्य मात्र वेगळं बांधून तापीला नेऊन सोडलंत. ते मी दारातून पाहत होते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काय हे, तुझ्या देवपूजेने झाडं मेली. तुम्ही दिवसभर गोठ्याकडे फिरकलाच नाहीत. ती शिक्षाच वाटली मला. गोऱ्हा आपला रवंथ करतोय, आणि त्याच्याशी बोलायला कोणी येत नाही.

बाजारच्या दिवशी तुम्ही बैलगाडीतून गाडगी घेऊन आलात. बारकी, गळकी. कुंभाराने न विकली गेलेली कोपऱ्यात ठेवली होती, ती तुम्ही कमी पैशात उचललीत, कारण गळकीच हवी होती. प्रत्येक झाडाजवळ एकेक गाडगं गळ्यापर्यंत मातीत पुरलंत, वाफ्यावर उसाचं पाचट पसरलंत, की पाणी पडलं तरी मातीचे शिंतोडे पानांवर उडायला नकोत. हात धुतले, गोठ्यात आलात. च्च् च्च्. मी दाराला चिकटून उभी आहे. तुम्ही म्हणालात, "गोऱ्हा, देवनं पानी शे. ते पायखाले येवाले नको, नि पानवर बी पडाले नको. ह्या गाडगामा घालं का सरळ मुळले पोचस." मग म्हणालात, "मूळ म्हंजे पायच शेतस झाडना. देव पाय धुतस त्यासना." मी कडी वाजवली. एवढ्या जोराने वाजली की गोऱ्हा दचकला.

आबा, मी त्यानंतर कितीतरी कीर्तनं ऐकली, तापीकाठच्या प्रकाशा गावी जाऊन पारायणंही ऐकली. पण देवाचं पाणी झाडाचे पाय धुतं असं कोणी सांगितलेलं मला आठवत नाही. तुम्ही माझी पूजाही मोडली नाहीत आणि झाडंही वाचवलीत. त्या वर्षी अर्धी झाडं जगली. गाडग्यांतली तीन अजून वाफ्यात आहेत, बाकीची मी बदलत आले.

पुढे वर्षानुवर्षं आपला तो शिरस्ताच झाला. ओल्या पानांना हात लावायचा नाही. खालची, मातीला टेकलेली पानं आधीच काढून टाकायची. तुराट्या रोवून झाड उभं बांधायचं, म्हणजे वारा मधून जातो. आभाळ भरलं की मोरचूद आणि कळीचा चुना सारख्या मापाने, वेगवेगळ्या मडक्यांत भिजवून, दोन्ही एकदमच तिसऱ्या मडक्यात ओतायचं. लोखंडी भांडं नाही, पितळी नाही. तयार झालं का ते बघायला विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला. तुम्ही विळा बुडवून गोऱ्ह्यासमोर धरायचे, तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा, तुम्ही म्हणायचे, "हाऊ म्हणस आखो चुना टाक." मी आतून चुन्याची निवळ पुढे सरकवायचे. केरसुणीने पानांच्या खालून शिंपडायचं. आणि तुम्ही प्रत्येक साली बजावायचे की हे आलेल्या करप्याला घालवत नाही, न आलेल्याला थांबवतं, म्हणून वेळेवर करायचं. एका साली करपा फारच आला, सगळा वाफा काळा पडला, तेव्हा तुम्ही वाफा गोठ्याकडून उचलून भिंतीकडे नेलात. गोऱ्ह्याला सांगितलंत, "जठे करपा उना, तठे दोन-तीन साल टमाटा लावाना नही. जमीनले बी दम खाऊ देवाना." त्या जागी मग आपण मेथी, लसूण केलं.

तुमच्या शेवटच्या आजारपणात गोठा रिकामा झाला होता. गाय विकली होती, ट्रॅक्टर आला होता, बैलांचं काम राहिलं नव्हतं. तुम्ही खाटेवर, खाट मधल्या घरात, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड. गोऱ्हा नव्हता तर तुम्ही दाराच्या चौकटीशी बोलायचे. मला वाटायचं आता तरी थेट बोलाल, आणि भीतीही वाटायची की बोललात तर मी काय करू. तुम्ही रीत मोडली नाहीत. एका सकाळी क्षीण आवाजात च्च् च्च् ऐकू आलं. मी पोळपाट तसाच टाकून दाराशी आले. तुम्ही चौकटीकडे बघून म्हणालात, "टमाटानं बी ह्या घरमा ऱ्हायाले जोयजे." एवढंच. मी कडी वाजवली. त्या कडीने मी हो म्हटलं होतं, आबा. म्हणून आज हे विचारणं आलं.

कारण आता घरच बंद होतंय. या दिवाळीला मुलगा-सून आले होते. सून नंदुरबारची, शिकलेली, चांगली आहे. मला मम्मी म्हणते, डोक्यावर पदर तिला मीच घेऊ दिला नाही. तिने हौसेने पाइप लावला आणि वाफ्यावर वरून पाऊस पाडल्यासारखं पाणी मारायला लागली. मी तुळशीपाशी उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "तुळशीमाय, पानं ओली झाली की टमाट्याला करपा येतो हो." ती पाइप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "मम्मी, तुळशीला काय सांगता? मी इथे उभी आहे ना, मला सांगा ना." मलाही हसू आलं. पण नंतर मी विचार करत बसले. मला कोणी गप्प राहायला सांगितलेलं नाही, तरी मी सुनेला सांगायचं ते तुळशीला सांगते. तुमची सवय माझ्या अंगात कधी आली कळलंच नाही. करपा त्या पाण्याने आला असं मात्र मी म्हणणार नाही. त्यानंतर किती दिवस धुकं पडलं, ते कोणाच्या हातात होतं?

करपा आला तेव्हा मी ठिपके उशिरा पाहिले, कारण पहाटेचा वेळ आता माझा राहिलेला नाही. यांना लकवा झाल्यापासून उजवी बाजू चालत नाही आणि शब्द येत नाहीत. ऐकतात सगळं, कळतं सगळं, बोलायला गेले की तोंडातून आवाज येतो आणि मग स्वतःच रागावतात. उठवणं, बसवणं, आंघोळ, जेवण भरवणं, पाठ चोळणं. देवपूजाही आता दिवा लावून दोन फुलं वाहण्यापुरती उरली. भाकरी थापताना कधी कधी हात तिथेच थांबतो. मी कोणाला सांगत नाही, भावाला कळलं तर तो उगाच धावत येईल. मोरचूद आज आलं, ते महिन्यापूर्वी यायला हवं होतं. काळी पानं काढली, जाळली. झाडं उपटली, जाळली. रोज एक. धूर डोळ्यांत जायचा आणि यांना खोकला यायचा, म्हणून शेवटची झाडं नाल्याकडे नेऊन जाळली.

पण परवा सकाळी एक झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे. मनात जाऊ दे म्हटलं त्याच दिवशी. यांना मी परसात खुर्चीवर उन्हाला बसवलं होतं आणि चहा ठेवायला आत आले होते. तर मागून आवाज आला, च्च् च्च्. आबा, माझ्या हातून साणशी पडली. एवढ्या वर्षांनी, त्याच दाराबाहेर, तोच आवाज. आणि काय झालं कोण जाणे, माझा हात आपोआप कडीवर गेला आणि मी कडी वाजवली. मग भानावर येऊन बाहेर आले. हे खुर्चीत बसलेले, आणि डाव्या हाताने भिंतीकडच्या झाडाकडे दाखवत होते. शब्द निघत नाहीत, पण जीभ टाळूला लावून तेवढा आवाज काढता येतो, हे त्यांचं त्यांनाच सापडलं असावं. मी जवळ जाऊन पाहिलं. पाचटाच्या वर, खोडाच्या मागच्या अंगाला, एका पानाखाली ताजा डाग होता, ओलसर, नखाएवढा. मला उभ्याने तो कधीच दिसला नसता. त्यांना खुर्चीत बसून, खालून, दिसला. मी ते पान काढलं, त्याच्या आसपासची आणखी दोन काढली. हे बघत होते. मी म्हटलं, "झालं." ते पुन्हा च्च् म्हणाले, आणि हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा हसले. तोंड एकाच बाजूला गेलं, पण हसले. जन्मभर या वाफ्याकडे त्यांनी बघितलं नव्हतं. तुम्ही गोऱ्ह्याशी बोलायचे तर ते वैतागायचे, लोक हसतात म्हणायचे. म्हणजे ऐकत होते तर.

तेव्हापासून आमचं तसंच चाललंय. पाणी हवं असलं की च्च्, कूस बदलायची असली की च्च्, मी कडी वाजवते, मग येते. कडी वाजली की त्यांना धीर येतो, रागावत नाहीत. काल सुनेचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, अगदी तुळशीला मध्ये न घेता. म्हटलं, फळं अजून अर्धी कच्ची आहेत, रविवारपर्यंत पिकायची नाहीत, आणि बी पिकल्या फळाचंच धरायचं असतं. ती म्हणाली, पाठीवर लाली चढली असेल तर तोडून आणा, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पिकतील. मग बी पाण्यात किती दिवस ठेवायचं, कशावर वाळवायचं, ते विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, "पण मम्मी, इथे आल्यावर मलाच सांगा हां. फ्रिजला सांगू नका." मी फोन ठेवून बराच वेळ हसत होते. हे च्च् च्च् करून विचारत होते काय झालं म्हणून.

आज मोरचूद भिजत घातलंय, चुनाही. दोन मडकी मोरीशेजारी झाकून ठेवली आहेत, हे उठले की त्यांच्या पुढ्यात विळा बुडवून दाखवीन. लाली चढलेली चार फळं आहेत, ती रविवारी सकाळी, दव सुकल्यावर, देवाला दाखवून तोडीन आणि यांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधीन. बाकी झाड तसंच राहील, शेजारच्यांनी हवं तर खावं. आता माझं विचारणं एवढंच. बी या घरात राहायला हवं असं तुम्ही म्हणाला होतात. हे घर म्हणजे या भिंती, की हे घर म्हणजे आम्ही जिथे असू ते? सुरतेच्या चौथ्या मजल्यावरची खिडकी त्यात येते का? आणि दुसरं म्हणजे, करपा आलेल्या जागेला दोन-तीन साल दम खाऊ द्यायचा असं तुम्ही गोऱ्ह्याला सांगितलं होतं, ते मी विसरलेले नाही. वाफ्याला मी यंदा विसावा देते. तो वाफा करणारीलाही लागू होतो का?

पत्र कुठे टाकायचं नाही, पाकीट आणलेलं नाही, पत्ता तर नाहीच. एक मात्र सांगून ठेवते. लिहायला बसले तेव्हा डोक्यावर पदर नीट घेतला होता. मधे कधीतरी घसरला. माझ्या लक्षात आलं, तरी मी तो परत घेतला नाही. डोक्याला वारा लागत होता, बरं वाटत होतं.

रविवार जवळ आहे, तेव्हा उत्तर उलट टपाली कळवावं. मला सरळ सांगायला अवघड वाटलं तर गोऱ्ह्याला सांगा. मी दाराआडच आहे.